धाब्यावरचे पाणी

खानदेशच्या इतिहासाचा विषय निघाला की थाळनेर, अशीरगड, बुऱ्हाणपूर, फारुकी सुलतान आणि सातपुड्यातील भिल्लांचे उठाव यांची आठवण होते. पाण्याचा इतिहास मागाहून येतो. आणि तोही आला तर तापी, गिरणा, पांझरा या नद्यांचा आणि त्यांवरील बंधाऱ्यांचा येतो. घराच्या छपरावर पडून अंगणात आणि अंगणातून रस्त्यावर वाहून जाणाऱ्या पाण्यालाही काही इतिहास असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. एखाद्या वस्तूचे मोल उरले नाही की ती धाब्यावर बसविली असे आपण म्हणतो. खानदेशात तर पावसाचे पाणी अक्षरशः धाब्यावर बसले आणि तेथूनच निघून गेले.

आज जळगाव-धुळ्याच्या वस्त्यांत हा विषय पुन्हा घरोघर निघू लागला आहे. छपराचे पाणी समोरच्या बाजूला उतरते, टाकी बांधण्याजोगी जागा मात्र मागच्या परसबागेत असते. मध्ये घर उभे, दार उभे, जाण्यायेण्याची वाट उभी. हे पाणी घराला वळसा घालून टाकीपर्यंत न्यावे कसे? प्रश्न गवंड्याला आणि नळकाम करणाऱ्याला विचारण्याचा वाटतो. परंतु त्याच्या उत्तराचा शोध घेत मागे गेलो तर वाट थेट कोरीव लेण्यांपर्यंत जाते.

पन्हळ आणि पागोळी

खानदेशातील जुने घर म्हणजे धाब्याचे घर. जाड मातीच्या भिंती, त्यांवर लाकडी खांडे, खांडांवर काटक्यांचा किंवा तुराट्यांचा थर आणि त्यावर चांगली जाड दडपलेली माती, अशी त्या छपराची रचना. उन्हाळ्याचा पारा चढणाऱ्या या मुलखात हे छप्पर घर थंड ठेवी. रात्री त्यावर अंथरुणे पडत, दिवसा मिरच्या, पापड, धान्य वाळे. पावसाळ्यापूर्वी दरवर्षी त्यावर नवी माती चढवून ती चोपून घ्यावी लागे, कारण पाणी साचले की धाबे गळणार आणि भिंत खचणार हे ठरलेले. म्हणून छपराला किंचित उतार देऊन कडेला लाकडाची वा भाजक्या मातीची पन्हळ बसवीत. पाऊस पडताच तिच्यातून गढूळ धार रस्त्यावर कोसळे.

ती धार साठविण्याचा विचार त्या काळी झाला नाही, यात अडाणीपणा नव्हता. मातीच्या छपरावरून आलेले पाणी मातकट असणारच. शिवाय तापीखोऱ्यातील गाळाच्या जमिनीत विहिरीला पाणी होते, आणि घरात पाणी आणणाऱ्या स्त्रीच्या श्रमाचा हिशेब मांडण्याची रीत नव्हती. घराच्या दृष्टीने छपरावरचे पाणी हा शत्रू होता आणि त्याला लवकरात लवकर घालवून देणे हाच शहाणपणा.

कायद्याने सुद्धा या पाण्याकडे याच नजरेने पाहिले. प्राचीन रोमन कायद्यात पागोळीच्या पाण्याचा एक स्वतंत्र हक्क होता: आपल्या छपराचे पाणी शेजाऱ्याच्या जमिनीवर पडू देण्याचा. आपल्याकडे १८८२ सालच्या भारतीय सुविधाधिकार कायद्याने, वीस वर्षे अखंड चालत आलेल्या वहिवाटीतून अशा प्रकारचे हक्क उत्पन्न होतात, हे तत्त्व लेखी केले. गावोगावी भाऊबंदांत पन्हळीच्या तोंडावरून झालेले तंटे वृद्ध मंडळींना ठाऊक आहेत. गंमत अशी की त्या तंट्यात प्रत्येकाचे म्हणणे, हे पाणी माझ्या अंगणात नको, असे असे. हे पाणी मला हवे, असे म्हणणारा वादी त्यांत सापडणे कठीण.

डोंगरातील पोढी

ज्यांना विहिरीची सोय नव्हती त्यांनी मात्र हे पाणी फार पूर्वी ओळखले होते. वसई-बोरिवलीकडच्या वाचकांना कान्हेरीची लेणी परिचित आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीपासून तेथे शंभराहून अधिक लेणी कोरली गेली. तेथे उभे राहिल्यावर शिल्पांवरून नजर काढून थोडे वर, लेण्याच्या कपाळाकडे पाहावे. खडकात कोरलेल्या बारीक चऱ्या दिसतात. डोंगरमाथ्यावरून घरंगळत येणारे पावसाचे पाणी दाराच्या तोंडावर पडू नये म्हणून त्या चऱ्या ते बाजूला वळवितात, आणि बाजूला वळविलेले पाणी अंगणाच्या कडेला कोरलेल्या कुंडात उतरते. त्या कुंडाला तेथील शिलालेखांत पोढी म्हटले आहे. आपले दुर्गभ्रमण करणारे तरुण आजही हाच शब्द वापरतात. डोंगर हेच छप्पर, चरी हीच पन्हळ, पोढी हीच टाकी. छपराचे पाणी घराला वळसा घालून परसात नेण्याचा याहून जुना आणि याहून नेटका नमुना आपल्या भागात दाखविणे अवघड आहे.

या पोढ्या दानातून झाल्या, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याची पोढी दान दिल्याचा लेख कान्हेरीत आहे. राजाने किल्ला बांधावा तसा एका कारागिराने पाण्याचा साठा बांधावा, आणि आपले नाव त्या दानाशी जोडून घ्यावे, इतकी त्या कामाची प्रतिष्ठा होती.

खानदेशाच्या वेशीवरही असा एक नमुना आहे. चाळीसगावच्या दक्षिणेस, डोंगररांगेच्या कुशीत पितळखोऱ्याची लेणी आहेत. तेथे खडकात मुरून आत येणारे पाणी बाहेर काढण्यासाठी कोरलेले मार्ग आहेत, आणि पायऱ्यांजवळील पंचफणी नागाच्या फण्यांतून ते पाणी बाहेर पडावे अशी योजना कारागिरांनी केली होती. गैरसोयीचे पाणी शोभेचे करण्याची ही कला. धुळ्यालगतच्या लळिंग किल्ल्यावरही खडकात खोदलेली टाकी आहेत. गडावरच्या शिबंदीला पावसाखेरीज दुसरा आधार नव्हता.

पवित्र शास्त्राच्या भूमीतही हेच चित्र दिसते. ज्या मवाबच्या मेशा राजाचा उल्लेख जुन्या करारात येतो, त्याचा इ. स. पूर्व नवव्या शतकातील शिलालेख १८६८ साली सापडला. तो आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. आपल्या नगरात पाण्याचा साठा नसल्यामुळे प्रत्येकाने आपापल्या घरी हौद करावा, अशी आज्ञा आपण दिल्याचे राजा त्यात सांगतो. घरोघर पाऊस साठविण्याची सक्ती ही अलीकडची कल्पना नव्हे, हे त्यावरून दिसते. यिर्मया संदेष्ट्याने फुटक्या हौदाची उपमा वापरली, तेव्हा ऐकणाऱ्यांना ती समजावून सांगावी लागली नसेल. खडकात खोदून चुन्याने लिंपलेला हौद उन्हाळ्याच्या तोंडावर तडकलेला निघाला म्हणजे त्या घरावर काय ओढवते, हे त्यांच्या अनुभवाचे होते. इटलीतील व्हेनिस शहर चहूकडे खाऱ्या पाण्याने वेढलेले. तेथील चौकांत आणि वाड्यांत पावसाचे पाणी वाळूतून गाळून भूमिगत हौदात उतरविण्याची सोय होती, आणि १८८४ साली मुख्य भूमीवरून नळाने पाणी येईपर्यंत ते शहर त्या पाण्यावर जगले. इकडे शेजारच्या गुजरातेत अहमदाबादच्या पोळांतील घरांखाली टांके असत. छपराचे पाणी नळीने त्यात उतरवीत, आणि पहिल्या पावसाचे पाणी सोडून देण्याचा नियम पाळीत.

फडाचा धडा

खानदेशाला हे ज्ञान अगदीच नव्हते असे मात्र नाही. ते छपरावर न दिसता शेतात दिसते. पांझरेच्या काठी, तसेच बागलाणात मोसम आणि आरम या नद्यांवर, तीन-चारशे वर्षांपासून फड पद्धती चालत आली. नदीत दगडी बंधारा घालायचा, त्याच्या बाजूने पाट काढायचा, पाटातून चाऱ्या आणि चाऱ्यांतून शेतोशेत पाणी. भिजणाऱ्या जमिनीचे मोठे तुकडे म्हणजे फड. एका फडात एकच पीक. यंदा पाणी किती आहे हे पाहून कोणता फड भिजवायचा आणि कोणता पडीक ठेवायचा हे सर्वांनी मिळून ठरवायचे. पाणी वाटण्यास पाटकरी, राखणीस जागल्या, आणि त्यांचा मोबदला धान्यरूपाने. नियम कागदावर नव्हते. ते मोडण्याची छाती मात्र सहसा कोणाची होत नसे.

या पद्धतीत तीन गोष्टी मुरलेल्या होत्या. पहिली, पाणी पातळी सोडत नाही. पाटाला उतार थोडाच द्यायचा, पण तो कोठेही तुटू द्यायचा नाही. दुसरी, जादा झालेल्या पाण्याला बाहेर पडण्याची वाट आधीच करून ठेवायची, म्हणजे सांडवा. तिसरी, पाणी थोडे असेल तर तुटीचा भार एकट्या शेवटच्या शेतकऱ्यावर टाकायचा नाही. पहिल्या दोन गोष्टी स्थापत्याच्या आहेत, तिसरी नीतीची. पण तिसरी मोडली की पहिल्या दोन टिकत नाहीत, कारण वरच्याने पाट फोडला तर उतार कितीही शास्त्रशुद्ध असून उपयोग काय?

दातर्तीचा नळ

पाटाच्या वाटेत ओढा आला तर काय करायचे, या प्रश्नाशी खानदेशाच्या आधुनिक इतिहासातील एक मोठे नाव निगडित आहे. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून स्थापत्याची पदवी घेऊन मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून रुजू झाले. नोकरीच्या अगदी आरंभीच त्यांची रवानगी धुळ्याकडे झाली आणि पांझरेच्या परिसरात दातर्ती या गावी नळाचा सायफन बांधण्याचे काम त्यांच्यावर आले. पावसाळ्याचे दिवस, पुराने पायात भरणारी वाळू, खर्चाची चिंता. काम पावसानंतर करावे असे तरुण अभियंत्याने वरिष्ठांना कळविले, ते वरिष्ठांना रुचले नाही, आणि अखेर त्यांनी ते काम नेटाने पुरे केले. १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत त्यांनी हा प्रसंग नोंदविला आहे. पुढे खडकवासल्याची स्वयंचलित दारे, कृष्णराजसागर आणि १९५५ साली भारतरत्न असा त्यांचा प्रवास झाला. त्याची पहिली पायरी धुळे जिल्ह्यात आहे, याचा अभिमान खानदेशाने बाळगावा.

सायफन म्हणजे काय, हे सोप्या शब्दांत असे. पाणी उंचावरून नळात शिरते, ओढ्याच्या तळाखालून जाते आणि पलीकडे पुन्हा वर येते. वर येण्यासाठी त्याला कोणी ढकलत नाही. पलीकडचे तोंड अलीकडच्या तोंडापेक्षा थोडे खाली असले की पुरे. मधला नळ कितीही खोल गेला तरी पाणी आपली मूळ उंची विसरत नाही. मात्र सांधे घट्ट हवेत, आणि सर्वांत खोल ठिकाणी गाळ साचतो म्हणून तेथे तो काढण्याची सोय हवी.

घराभोवतीचा पाट

आता पुन्हा घराकडे वळू. रेल्वेबरोबर भुसावळकडे लोखंडी पत्रा आला, पुढे सिमेंटचा पत्रा आणि सिमेंटची गच्ची आली, आणि धाबे हळूहळू मागे पडले. छप्पर बदलले तसे पाणीही बदलले. ते मातकट राहिले नाही. पण सवय मात्र पन्हळीचीच राहिली. नव्या गच्चीलाही आपण रस्त्याकडे तोंड करून नळ्या बसविल्या.

या पाण्याचे मोल किती, हे गणित शाळकरी मुलालाही करता येईल. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी होते. धुळ्याकडे वर्षाचा पाऊस ढोबळमानाने ६०० मिलिमीटर धरू. शंभर चौरस मीटरच्या छपरावर ६०,००० लिटर पडते. वाळण्यात, उडण्यात आणि वाहून जाण्यात पाचवा हिस्सा गेला असे मानले तरी ४८,००० लिटर उरते. जळगावकडे पाऊस ७०० च्या आसपास धरला तर हाच आकडा ५६,००० होतो. एवढे सारे साठविणारी टाकी सामान्य कुटुंबाला परवडणार नाही. पण पाऊस एकदम पडत नाही, टाकी भरते, रिती होते, पुन्हा भरते. म्हणून पाच-दहा हजार लिटरची टाकीही परसबागेला पुष्कळ आधार देते.

समोरचे पाणी मागे नेण्याच्या वाटा दोन. पहिली पाटाची. छपराच्या कडेने पन्हळ आणि भिंतीच्या कडेने नळ असा न्यावा की तो सतत उतरता राहील. शंभरास एक उतार धरला तर वीस मीटर लांबीस वीस सेंटिमीटर उतार लागतो. तेवढी उंची बहुधा मिळते. पाऊस थांबला की नळ कोरडा होतो, हा या रीतीचा गुण. पण वाटेत दार, खिडकी किंवा जाण्यायेण्याची वाट आली तर नळ डोक्याला लागतो.

तेव्हा दुसरी वाट, दातर्तीची. समोरच्या भिंतीवरून नळ खाली उतरवावा, जमिनीखालून घराला वळसा घालावा आणि टाकीपाशी पुन्हा वर चढवावा. टाकीत शिरण्याचे तोंड छपराच्या पन्हळीपेक्षा स्पष्टपणे खाली असले, अर्धा मीटर तरी असले, की पाणी आपोआप वर चढते. पंप लागत नाही. या नळात पाणी नेहमी भरून राहते, त्यामुळे तीन पथ्ये पाळावी लागतात. सांधे चिकट द्रावणाने पक्के करावेत, नुसते एकात एक सरकवू नयेत. सर्वांत खोल ठिकाणी एक बूच ठेवून नळ अधूनमधून धुऊन रिकामा करावा, नाहीतर गाळ साचतो आणि पाण्याला वास येतो. वरच्या आणि खालच्या दोन्ही तोंडांना बारीक जाळी लावावी, कारण साचलेल्या पाण्यात डास होतात आणि डासांबरोबर डेंग्यू येतो.

दोन्ही वाटांना आणखी दोन नियम समान आहेत. टांकेवाल्यांप्रमाणे पहिला पाऊस सोडून द्यावा. शंभर चौरस मीटर छपराला पहिले शे-दोनशे लिटर धूळ, पाला आणि पक्ष्यांची विष्ठा घेऊन येतात. आणि फडाप्रमाणे सांडवा ठेवावा; टाकी भरल्यावर जादा पाणी पायाशी मुरू न देता घरापासून दूरच्या शोषखड्ड्यात किंवा गाळून विहिरीत सोडावे. टाकीला झाकण हवे. हे पाणी झाडांना, धुण्याला, शौचालयाला उत्तम. पिण्यासाठी वापरायचे तर ते गाळून आणि उकळूनच घेतले पाहिजे.

शेवटच्या शेतकऱ्याचा वाटा

घरात नळ असताना हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर जमिनीखाली आहे. यावल-रावेरच्या केळीने जळगावचे नाव देशभर नेले, आणि त्याच केळीपट्ट्यात विहिरी आटून विंधन विहिरी वर्षानुवर्षे खोल गेल्या. उपसा पुनर्भरणापेक्षा अधिक झाला. सातपुड्याच्या पायथ्याशी पाणी जमिनीत मुरविण्याच्या मोठ्या योजनेसाठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी २०२५ साली करार केला. शिरपूर तालुक्यात २००४ पासून नाले खोल-रुंद करून पाणी मुरविण्याचे काम झाले. साक्री तालुक्यातील बारीपाडा गावाने आपले जंगल राखून आपले झरे राखले. तमिळनाडूने २००३ साली घरोघर छपराचे पाणी धरण्याची सक्ती केली. हे सारे मोठे प्रयत्न आवश्यक आहेत, परंतु कोणतेही धरण किंवा करार आपल्या छपरावरचे पाणी आपल्यासाठी अडवून ठेवणार नाही.

आणि यातील खरा प्रश्न पाटाच्या शेवटी असलेल्या शेतकऱ्याचा आहे. उन्हाळ्यात टँकर येतो तेव्हा ज्याच्याजवळ पैसा आहे त्याची टाकी भरते. ज्याच्याजवळ नाही त्याच्या घरची बाई आणि मुलगी हंडा घेऊन रांगेत उभी राहते. ज्याला छप्पर, अंगण आणि टाकी आहे अशा घराने आपल्या बागेपुरते पाणी पावसाकडून घेतले, तर तेवढे पाणी सार्वजनिक नळात आणि गावच्या विहिरीत दुसऱ्यासाठी उरते. आपली टाकी भरणे हे केवळ आपल्या गुलाबांचे हित नाही. आपण रांगेतून बाजूला होतो, हे त्यातले खरे दान.

वसईच्या वाडीत बावखल होते तोवर हे कोणी कोणाला शिकविले नाही. वाडीच्या खोलगट भागात पावसाचे पाणी साचे, झाडांना मिळे, विहिरीला झरे देई. अनेक बावखले बुजविल्यावर त्यांची किंमत कळू लागली. खानदेशात बुजविण्यासारखे बावखल नव्हते. तेथे ते नव्याने करावे लागेल, आणि ते घराच्या मागे एका टाकीच्या रूपाने होईल. आपल्या धर्मग्रामांतील शाळांची छपरे तर घरांच्या कितीतरी पट मोठी असतात. पाचशे चौरस मीटरच्या एका छपरावरून धुळ्याच्या पावसातही सुमारे २,४०,००० लिटर पाणी धरता येते. शाळेच्या बागेला, शौचालयांना आणि शेजारच्या विहिरीला त्यातून काय देता येईल, याचा हिशेब विद्यार्थ्यांनीच मांडावा; भूगोल, गणित आणि शेजारधर्म हे तीनही विषय त्यात एकदमच शिकून होतील.

कल्याणच्या त्या सोनाराने डोंगरात पोढी कोरविली तेव्हा तिचे पाणी कोण पिणार, हे त्याला ठाऊक नव्हते. पांझरेच्या काठच्या पाटकऱ्याने पाणी सोडले तेव्हा शेवटच्या शेतापर्यंत ते पोहोचले की नाही, हे तो चालत जाऊन पाहत असे. पावसाळा दरवर्षी येतो. छप्पर आधीच उभे आहे. पन्हळीचे तोंड रस्त्याकडून परसाकडे वळविणे एवढेच आपल्याकडून व्हायचे आहे.